विश्लेषण : एकाच शहरात तीन तऱ्हेची हवा? ‘आम्ल पावसा’चे जनक रॉबर्ट अँगस स्मिथ कोण होते?

शहराची हवा वस्तीगणिक बदलते, हे आज मोबाइलवर दिसते. पावसाच्या पाण्यातून हीच गोष्ट १८५२ मध्ये मँचेस्टरच्या एका रसायनतज्ज्ञाने दाखवून दिली होती. पुढे हाच माणूस ब्रिटनचा पहिला हवा प्रदूषण निरीक्षक झाला. पण ज्या धुराचा माग त्याने काढला, त्याच धुरावर कारवाई करण्याचा अधिकार त्याला मिळाला नाही.

मुंबईत हिवाळ्याच्या सकाळी मोबाइलवर हवेची गुणवत्ता पाहिली, तर कुलाबा, माझगाव, चेंबूर आणि वांद्रे-कुर्ला संकुल यांचे आकडे एकसारखे नसतात. पुण्यात पाषाण आणि हडपसर यांचेही तसेच. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेल्या ‘सफर’ यंत्रणेमुळे आणि २०१५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांकामुळे आपल्याला याची सवय झाली आहे. आकडा वाईट असला की आपण तो शेजाऱ्याला पाठवतो आणि कामाला लागतो. शहराची हवा एक नसते, ती वस्तीप्रमाणे मोजायला हवी, हा विचार मात्र बराच जुना आहे. त्यामागे रॉबर्ट अँगस स्मिथ हे नाव आहे.

धर्मोपदेशक व्हायला निघालेला तरुण रसायनशास्त्राकडे कसा वळला?

स्मिथ यांचा जन्म १५ फेब्रुवारी १८१७ रोजी स्कॉटलंडमध्ये ग्लासगो परिसरात झाला. मुलाने चर्चमध्ये धर्मोपदेशक व्हावे, या हेतूने त्यांचे शिक्षण सुरू झाले. ग्लासगो विद्यापीठात ते दाखल झाले, पण पदवी न घेताच बाहेर पडले. पोटापाण्यासाठी श्रीमंत घरांतील मुलांच्या शिकवण्या त्यांनी धरल्या. अशाच एका कुटुंबाबरोबर १८३९ मध्ये ते जर्मनीला गेले आणि गीसन येथे युस्टुस फॉन लीबिग यांच्या प्रयोगशाळेत रमले.

त्या काळी रसायनशास्त्र शिकायचे तर गीसनलाच जावे, अशी लीबिग यांची ख्याती होती. पुस्तकातून शिकण्यापेक्षा हाताने प्रयोग करून शिकण्यावर तिथे भर असे. १८४१ मध्ये डॉक्टरेट मिळवून स्मिथ इंग्लंडला परतले. चर्चची ओढ तेव्हाही सुटलेली नव्हती. तेवढ्यात लीबिग यांचेच आणखी एक शिष्य लायन प्लेफेअर यांनी मँचेस्टरच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून बोलावले आणि स्मिथ यांच्या आयुष्याची दिशा बदलली. शहरांच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठी सरकारने १८४३ मध्ये आयोग नेमला होता, प्लेफेअर त्याचे सदस्य होते. त्या कामात स्मिथ यांनी मँचेस्टरच्या गल्ल्या पाहिल्या. १८४५ मध्ये प्लेफेअर शहर सोडून गेले. स्मिथ तिथेच राहिले आणि पाणी, माती, रसायने तपासून देणारे खासगी तज्ज्ञ म्हणून त्यांनी व्यवसाय मांडला.

तेव्हाचे मँचेस्टर कसे होते?

१८५१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या तीन लाखांच्या आसपास होती. सुताच्या गिरण्या, रंगकामाचे कारखाने, लोखंडाच्या भट्ट्या आणि या सगळ्यांना लागणारा कोळसा. त्यात घरोघरी कोळशाचीच शेगडी. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिथला कापूस बंद झाला, तेव्हा १८६० च्या दशकात मुंबई बंदरातून निघालेल्या गाठी याच लँकेशायर परगण्यातील गिरण्यांकडे जात होत्या आणि त्या पैशावर मुंबईत तेजी आली होती. म्हणजे या धुराशी आपलाही थोडा संबंध आहे.

मँचेस्टरमध्ये काही वर्षे राहिलेल्या फ्रेडरिक एंगेल्स यांनी कामगारांच्या स्थितीवरील आपल्या पुस्तकात एक नेमके निरीक्षण नोंदवले आहे. तिथे वर्षातील बहुतेक काळ वारा पश्चिम व नैर्ऋत्येकडून वाहतो. त्यामुळे कारखान्यांचा धूर पूर्व आणि ईशान्येकडे जातो. धनिकांनी त्या बाजूला घरे बांधलीच नाहीत, तिथे कामगारांच्या वस्त्या झाल्या. कोणत्या वस्तीने कोणती हवा घ्यायची, हे वाऱ्याने आणि जमिनीच्या भावाने मिळून ठरवले होते.

निसर्गातही याची खूण उमटली होती. फिकट रंगाच्या, अंगावर काळे ठिपके असलेल्या एका पतंगाचा पूर्ण काळा नमुना १८४८ मध्ये मँचेस्टरमध्येच सापडल्याची नोंद आहे. काजळीने काळ्या पडलेल्या खोडांवर फिकट पतंग पक्ष्यांना चटकन दिसत, काळे बचावत. उत्क्रांतीच्या पाठ्यपुस्तकांतील हे प्रसिद्ध उदाहरण याच शहरातले आहे.

हवा मोजायला पाऊस कशाला?

इथे स्मिथ यांची खरी कल्पकता दिसते. त्या वेळी हवा तपासायची म्हणजे तिच्यातील प्राणवायूचे प्रमाण काढायचे, अशी रीत होती. पण डोंगरावरची हवा घ्या किंवा गजबजलेल्या चौकातली, उत्तर २१ टक्क्यांच्या आसपासच येई. त्यामुळे गावची आणि शहराची हवा रासायनिकदृष्ट्या सारखीच, असा समज दृढ झाला होता. माणसाच्या नाकाला आणि छातीला फरक कळत होता, तो उपकरणाला कळत नव्हता.

स्मिथ यांनी प्रश्न उलटा केला. हवेत जे मुख्यतः आहे ते मोजण्याऐवजी, तिच्यात जे अगदी थोडे मिसळले आहे ते पकडायचे कसे? पाऊस हे काम आपोआप करतो. आकाशातून खाली येताना थेंब हवेतील वायू, क्षार आणि काजळी विरघळवत व ओढत आणतो. म्हणजे पावसाचे पाणी हे हवेच्या धुण्याचे पाणी आहे. वेगवेगळ्या ठिकाणी स्वच्छ भांडी ठेवायची, पाऊस जमवायचा आणि त्यात आम्ल किती, सल्फेट किती, क्लोराइड किती, अमोनिया किती, हे प्रयोगशाळेत काढायचे. पाऊस नसेल तेव्हा बाटलीत हवा भरून, तिच्यात थोडे पाणी घालून ती खळखळवायची. गर्दीच्या खोलीत खिडकीच्या काचेवर जमणारे पाणीसुद्धा त्यांनी टिपून तपासले.

१८५२ मध्ये मँचेस्टरच्या साहित्य व तत्त्वज्ञान सभेच्या ग्रंथात त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. विषय होता मँचेस्टरची हवा आणि पाऊस. त्यात त्यांनी शहराभोवती जणू तीन कडी आखली. दूर शेतांकडच्या पावसात अमोनियाचे कार्बोनेट आढळले. उपनगरांत अमोनियाचे सल्फेट. आणि शहराच्या मध्यात थेट गंधकाम्ल.

हे असे का, ते समजून घेण्यासारखे आहे. दगडी कोळशात थोडे गंधक असते. कोळसा जळला की त्याचा सल्फर डायऑक्साइड होतो आणि हवेतील ओलाव्यात त्याचे हळूहळू गंधकाम्ल बनते. दुसरीकडे शेणखत, मूत्र आणि कुजणारा पाला यांतून अमोनिया निघतो, तो आम्लाला मारतो. गावाकडे अमोनिया पुरेसा आणि आम्ल नगण्य. उपनगरात दोघांची गाठ पडते आणि अमोनियम सल्फेट तयार होते. शहराच्या मध्यात मात्र आम्ल इतके की अमोनिया पुरत नाही आणि उरलेले आम्ल तसेच पावसातून खाली येते. आज ‘पीएम २.५’ म्हणून जे सूक्ष्म कण मोजले जातात, त्यांत अमोनियम सल्फेट हा एक मोठा घटक असतो. स्मिथ यांच्या मधल्या कड्यातले रसायन ते हेच.

या आम्लामुळे कापडाचे रंग उडतात आणि धातू गंजतात, हेही त्यांनी त्याच निबंधात लिहिले. कापडावर जगणाऱ्या शहरात रंग उडणे ही किरकोळ तक्रार नव्हती. तरीही निबंधाचा फार गाजावाजा झाला नाही.

नाटकगृह, न्यायालय आणि खाण…

एकदा ही दृष्टी मिळाल्यावर स्मिथ यांनी बाटल्या घेऊन कुठे कुठे जावे याला मर्यादा राहिली नाही. घरांच्या मागील शौचकूप, नाटकगृहाचे प्रेक्षागार, लंडनचे उच्च न्यायालय, स्कॉटलंडचा समुद्रकिनारा, डोंगरमाथे. प्राणवायूचे मोजमापही त्यांनी सोडले नाही, उलट ते अधिक काटेकोर केले. मोकळ्या किनाऱ्यावर प्रमाण जवळपास २१ टक्के आणि न्यायालयाच्या दालनात २०.६५ टक्के! दशांशातला हा फरक क्षुल्लक वाटेल. स्मिथ यांचे म्हणणे असे की कमी झालेला प्राणवायू महत्त्वाचा नाही, त्याच्या जागी काय आले ते महत्त्वाचे. पिण्याच्या पाण्यात अगदी थोडी घाण आली तरी आपण ते टाकतो, मग रोज कितीतरी जास्त प्रमाणात आत घेतल्या जाणाऱ्या हवेबाबत एवढे उदार का व्हावे, असा त्यांचा सवाल होता.

१८६० च्या दशकात खाणींतील स्थितीच्या सरकारी चौकशीसाठी त्यांनी खाणींच्या खोल बोगद्यांतून आणलेले हवेचे नमुने तपासले. एवढ्यावर न थांबता शिशाच्या पत्र्याची हवाबंद खोली करून घेतली आणि तिच्यात स्वतः बसून हवा बिघडत जाते तसे शरीराला काय होते याची नोंद केली.

त्यांचे सगळेच बरोबर ठरले असे नाही. त्या पिढीप्रमाणे त्यांचाही कल रोग कुजक्या हवेतून पसरतो, याकडे होता. हवेतील सेंद्रिय द्रव्य मोजण्यासाठी त्यांनी पोटॅशियम परमँगनेटची चाचणी वापरली. रोगजंतूंचे शास्त्र पुढे आल्यावर त्या चाचणीचे महत्त्व उरले नाही. पण चुकीच्या वाटेवरही काही हाती लागते. अलेक्झांडर मॅकडूगल यांच्याबरोबर स्मिथ यांनी १८५४ च्या सुमारास दुर्गंधी मारणारी एक भुकटी तयार केली. तिच्यात कार्बोलिक आम्ल होते. कार्लाइल शहराच्या सांडपाण्यावर कार्बोलिक आम्लाचा उपयोग झाल्याचे वाचून जोसेफ लिस्टर यांनी ते १८६५ मध्ये जखमांवर वापरून पाहिले. निर्जंतुक शस्त्रक्रियेची सुरुवात तिथून होते.

१८५७ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. या काळात न्यायालयात तज्ज्ञ साक्षीदार म्हणून उभे राहण्याचा त्यांना उबग आला होता. पैसे देणाऱ्या पक्षाच्या सोयीचे विज्ञान सांगणारे तज्ज्ञ त्यांनी पाहिले होते आणि त्यात आपण पडायचे नाही असे ठरवले होते. विज्ञानाने न्यायालयाला मदत करावी, अशिलाला नव्हे, ही त्यांची धारणा पुढच्या नोकरीत कामी आली.

निरीक्षक म्हणून नेमणूक कशी झाली?

मँचेस्टरच्या धुरामुळे नव्हे! सेंट हेलेन्स, विडनेस, ग्लासगो, न्यूकॅसल इथे सोड्याचे कारखाने होते. साबण, काच आणि कापड यांना सोडा लागे. तेव्हाच्या लब्लाँ पद्धतीत मिठावर गंधकाम्लाची क्रिया करत आणि त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू बाहेर पडे. तो धुराड्यातून सोडून दिला जाई. आजूबाजूची झाडे वठत, पिके करपत, कुंपणांचे लोखंड गंजे. तक्रारी वाढल्या तेव्हा कारखानदारांनी धुराडी उंच केली. ग्लासगोच्या सेंट रॉलॉक्स कारखान्याचे धुराडे १८४२ मध्ये ४३५ फुटांवर नेले गेले. परिणाम एवढाच की जवळचे नुकसान दूरवर पसरले.

सेंट हेलेन्सजवळच अर्ल ऑफ डर्बी या बड्या सरदाराची जहागीर होती. त्यांच्या पुढाकाराने १८६२ मध्ये वरिष्ठ सभागृहाची चौकशी समिती बसली आणि १८६३ मध्ये अल्कली कायदा झाला. कामगारांच्या फुप्फुसांपेक्षा जमीनदारांच्या झाडांचे वजन संसदेत जास्त पडले, असे म्हटले तर ते वावगे ठरणार नाही.

कायदा साधा होता. कारखान्यात तयार होणाऱ्या हायड्रोक्लोरिक आम्लवायूपैकी किमान ९५ टक्के वायू अडवायचा. त्याचे तंत्र आधीच उपलब्ध होते. विल्यम गॉसेज यांनी १८३६ मध्येच उंच मनोऱ्यातून वायू वर आणि पाणी खाली सोडून आम्ल विरघळवण्याची युक्ती काढली होती. ती सक्तीची नव्हती, एवढेच.

या कायद्याखाली पहिले मुख्य निरीक्षक म्हणून स्मिथ यांची नेमणूक झाली. हाताखाली चार उपनिरीक्षक. केंद्र सरकारने केवळ हवेच्या प्रदूषणासाठी वैज्ञानिक अधिकारी नेमल्याचे हे अगदी सुरुवातीचे उदाहरण. धुराड्यातून किती वायू जातो हे मोजायला तयार साधनेच नव्हती. ती स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बनवली. उपनिरीक्षक आल्फ्रेड फ्लेचर यांनी धुराड्यातील वायूचा वेग मोजणारे उपकरण तयार केले. पहिल्याच वर्षाच्या मोजमापात कारखान्यांनी सरासरी ९८ टक्क्यांहून अधिक वायू अडवल्याचे दिसले. पाच वर्षांपुरता केलेला कायदा १८६८ मध्ये कायम झाला.

मग मँचेस्टरचा धूर का थांबला नाही?

कारण तो स्मिथ यांच्या अखत्यारीत नव्हता. गिरण्यांच्या बॉयलरचा आणि घरांच्या शेगड्यांचा कोळसा हे शहराच्या आम्लाचे मूळ आहे, हे त्यांना १८५२ पासून ठाऊक होते. कायद्याने त्यांच्या हाती दिले फक्त सोड्याचे कारखाने आणि त्यातही एकच वायू. घराच्या शेगडीला हात लावण्याची कोणत्याही सरकारची तयारी नव्हती. इंग्रज माणसाची शेकोटी म्हणजे त्याचे घर, आणि त्या धुरात मतदारही बसलेले होते.

त्यातच कारखान्यांची संख्या वाढत गेली. प्रत्येकाने ९५ टक्के वायू अडवला तरी उरलेल्या पाच टक्क्यांची बेरीज मोठी होत होती. टक्केवारीच्या नियमातली ही पळवाट ओळखून १८७४ मध्ये दुरुस्ती झाली. धुराड्यातून जाणाऱ्या प्रत्येक घनफूट वायूत आम्ल किती असावे याची कमाल मर्यादा ठरली आणि व्यवहारात शक्य असलेले सर्वोत्तम उपाय वापरण्याचे बंधन आले. ही दुसरी अट ब्रिटनच्या प्रदूषण कायद्यात पुढे शंभराहून अधिक वर्षे टिकली.

स्मिथ यांच्यावर टीका झाली ती वेगळ्या कारणाने. ते खटले भरत नाहीत, कारखानदारांशी गोडीगुलाबीने वागतात, असा आक्षेप होता. त्यात तथ्य होते. वीस वर्षांत त्यांनी मोजकेच खटले भरले. मालकाला समजावून, यंत्र दाखवून, अडवलेले आम्ल विकता येते हे पटवून काम होते, न्यायालयात गेलो की तो दारच बंद करतो, असा त्यांचा अनुभव. चार माणसांच्या बळावर देशभरचे कारखाने सांभाळणाऱ्याला दुसरा मार्ग फारसा नव्हता, हे खरे. पण धुराड्याखाली राहणाऱ्याला हे समजावणे अवघड होते. अपायकारक वायूंच्या चौकशीसाठी १८७६ मध्ये शाही आयोग नेमला गेला, १८७८ मध्ये त्याचा अहवाल आला आणि १८८१ च्या कायद्याने आणखी कारखाने देखरेखीखाली आले. कोळशाचा धूर तेव्हाही बाहेरच राहिला.

‘आम्ल पाऊस’ हे नाव कुठून आले?

नोकरी सांभाळून स्मिथ पाऊस गोळा करतच होते. इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंडमधील ठिकठिकाणचे पाणी त्यांनी तपासले. आयर्लंडच्या पश्चिम टोकावरील व्हॅलेन्शिया बेटाचा पाऊस ही त्यांची मोजपट्टी. तिथे वारा थेट अटलांटिकवरून येतो, पावसात समुद्राचे मीठ सापडते, शहराची घाण नाही. किनाऱ्यापासून आत जावे तसे मीठ कमी होते आणि शहर जवळ येईल तसे सल्फेट व आम्ल वाढते. १८७२ मध्ये हे सगळे हवा आणि पाऊस या विषयावरील त्यांच्या जाडजूड ग्रंथात आले. उपशीर्षकात त्यांनी या विषयाला रासायनिक हवामानशास्त्राचा आरंभ म्हटले. आम्ल पाऊस ही संज्ञा इंग्रजीत रूढ करण्याचे श्रेय या ग्रंथाला दिले जाते. तो कुठे पडतो, वाऱ्यावर, कोळशावर आणि समुद्राच्या अंतरावर कसा अवलंबून असतो, झाडे व दगडांचे काय करतो, हे सारे त्यात होते.

तक्त्यांनी भरलेला तो ग्रंथ फारसा कोणी वाचला नाही. स्मिथ यांना इतरही छंद होते. अणुवादाचे जनक जॉन डाल्टन यांचे चरित्र त्यांनी १८५६ मध्ये लिहिले, स्कॉटलंडच्या दंतकथा आणि प्राचीन अवशेषांवर १८७९ मध्ये एक पुस्तक काढले. १८७६ च्या नदी प्रदूषण कायद्याचे कामही त्यांच्याकडे आले. मुख्य निरीक्षकपदावर असतानाच १२ मे १८८४ रोजी वेल्समधील कॉल्विन बे येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या जागी फ्लेचर आले.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस स्वीडनचे शास्त्रज्ञ स्वान्ते ओडेन यांनी स्कँडिनेव्हियातील तळी आणि मासे मरण्यामागे दूरच्या देशांतून वाहत आलेले आम्ल आहे, असे मांडले. आम्ल पाऊस हा शब्द वर्तमानपत्रांत आला. मग इतिहास शोधणाऱ्यांना १८७२ चा ग्रंथ सापडला आणि शतकभराने स्मिथ यांचे नाव पाठ्यपुस्तकांत गेले.

मँचेस्टरच्या मध्यभागात, स्मिथ यांना जिथे थेट गंधकाम्ल सापडले होते तिथे, धूरमुक्त विभाग लागू झाला तो १९५२ मध्ये, म्हणजे त्यांच्या निबंधानंतर बरोबर १०० वर्षांनी. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लंडनवर दाट धुके आणि धूर पाच दिवस बसून राहिला आणि हजारो माणसे दगावली. १९५६ च्या कायद्याने घरातील शेगडी अखेर सरकारच्या कक्षेत आली. त्या कायद्याची रचना अशी होती की पालिकांनी सगळे शहर एकदम नव्हे, तर एकेक वस्ती निवडून ती धूर नियंत्रण क्षेत्र म्हणून जाहीर करायची.